गाडीचे प्लग घरच्या घरी

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आता आपल्या मोहल्ल्यांतूनही दारापुढे चारचाकी दिसू लागली आहे. बहुतेक गाड्या दुसऱ्या हातच्या. कुणी दुकानाचा माल आणायला घेतली, कुणी घरातल्या वडीलधाऱ्यांना दवाखान्यात न्यायला, कुणी लेकीसुनांना कॉलेजला सोडायला. गाडी घेताना पैसे जमवले जातात, दागिना मोडला जातो, भाऊ मदत करतो. पण ती पुढे दहा वर्षे चालवायची कशी, याचा हिशेब कुणी मांडत नाही. मग सर्व्हिसिंगचे बिल हातात पडते. त्यात पंधरा-वीस ओळी असतात. निम्म्या समजत नाहीत आणि विचारायची लाज वाटते. पैसे भरून माणूस बाहेर पडतो आणि घरी येईपर्यंत म्हणत राहतो, "लुटले!"

लुटले असेल किंवा नसेलही. पण ज्याला काम माहीत नाही, त्याला ते कळणार कसे? खात्री न करता कुणाविषयी वाईट मत धरणे म्हणजे बदगुमानी, आणि ती गुनाह आहे, असे आपण मुलांना शिकवतो. डोळे मिटून पैसा उधळणे म्हणजे इस्राफ, तोही मना आहे. या दोन्हींतून सुटायचे तर निदान छोटी कामे एकदा तरी स्वतःच्या हाताने करून पाहायला हवीत. त्यातले सर्वांत सोपे आणि सर्वांत उपयोगी काम म्हणजे गाडीचे स्पार्क प्लग बदलणे. तेच आम्ही इथे पायरीपायरीने सांगणार आहोत.

ही विद्या आपल्या घरात होतीच

बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना या दोन्ही गाड्या १९७२ साली आल्या. दोन्ही टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकायचे, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची आणि सकाळी गाडी चालू व्हायची नाही. अशा वेळी कुणी शोरूमला फोन करत नसे. डिकीतला प्लगपाना काढायचा, प्लग खोलायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, परत बसवायचा आणि किक मारायची. हे काम अब्बा करत, मोठा भाऊ करत असे, आणि पुष्कळ घरांत शाळेत जाणारी मुलेसुद्धा करत.

मोटारीशी आपल्या भागाचे नाते जुने आहे. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी याच कंपनीची. बारामतीच्या एमआयडीसीत आज पियाजिओच्या तीनचाकी आणि व्हेस्पा स्कूटर तयार होतात. गाड्या बनवणारे हात आपल्याच भागात आहेत, आणि तरी घरच्या गाडीचे बॉनेट उघडायला आपण घाबरतो.

याचे कारण समजण्यासारखे आहे. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा तिचे इंजिन उघडे दिसत असे. पुढे कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आले, सेन्सर आले. आता बॉनेट उघडले की पुष्कळ गाड्यांत आधी काळ्या प्लास्टिकचे झाकणच दिसते. आपल्याला वाटते की इथे आपले काम नाही. पण त्या झाकणाखाली प्लग आजही तसाच आहे. तो आट्यांवर बसतो, पान्याने निघतो आणि पान्यानेच बसतो.

प्लग करतो काय?

इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी त्याला ठिणगी दिली जाते. ही ठिणगी देणारा तो प्लग. बॅटरी १२ व्होल्टची असते. एवढ्या विजेने ठिणगी पडत नाही, म्हणून इग्निशन कॉइल तो दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढवते. मग प्लगच्या टोकाशी असलेली जेमतेम एक मिलिमीटरची फट ओलांडून वीज उडी मारते.

हे किती वेळा होते, याचा हिशेब करून पाहा. बारामती ते इंदापूर हे अंतर साधारण पन्नास किलोमीटर. भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी असे करत निवांत गेले तर तासभर लागतो. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असेल, तर फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक, म्हणजे मिनिटाला साडेबाराशे ठिणग्या. तासात प्रत्येक प्लगच्या वाट्याला पंचाहत्तर हजार. दर ठिणगीला टोकाचा धातू कणाकणाने झिजतो. फट वाढत जाते, ती ओलांडायला वीज जास्त लागते आणि त्याचा ताण कॉइलवर येतो. शेवटी एखादी ठिणगी चुकू लागते. गॅरेजच्या भाषेत गाडी 'मिसिंग' मारते.

आणखी एक गोष्ट. प्लगचे टोक साडेचारशे-पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. आपल्याकडे पुष्कळ गाड्या घर ते दुकान, दुकान ते शाळा अशा एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्याच मारतात. प्लग पुरेसा तापतच नाही आणि काजळी साचते. म्हणून कमी चाललेल्या गाडीचे प्लग चांगलेच असतील, असे धरून चालू नका.

बदलायची वेळ कशी ओळखायची?

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किती किलोमीटरला प्लग बदलायचे ते लिहिलेले असते. तोच आकडा प्रमाण. साधारणपणे साधे निकेलचे प्लग वीस ते चाळीस हजार किलोमीटर चालतात. इरिडियम किंवा प्लॅटिनमचे महाग असतात, पण लाखाच्या आसपासही जातात. सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून अशा गाडीचे प्लग लवकर बदलावे लागतात.

लक्षणे अशी : सकाळी चालू व्हायला वेळ लागणे, उभ्या गाडीत इंजिन थरथरणे, चढावर किंवा ओव्हरटेक करताना झटके बसणे, पिकअप कमी होणे, अॅव्हरेज उतरणे, मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागणे. हा दिवा लुकलुकू लागला तर गाडी तशीच दामटू नका. न जळालेले पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो खराब होतो. त्याची किंमत प्लगच्या कितीतरी पट आहे.

मात्र यातले प्रत्येक लक्षण प्लगचेच असते असे नाही. एअर फिल्टर चोंदला, कॉइल गेली, उंदराने वायर कुरतडली, तरी गाडी अशीच वागते. उसाच्या शेतालगत घर असणाऱ्यांना उंदरांचे वेगळे सांगायला नको. प्लगपासून सुरुवात करायची ती एवढ्यासाठी की ते स्वस्त आहेत आणि काढल्यावर इंजिनचे बरेच काही सांगून जातात.

आमच्या गाडीचे काय झाले

आमची वॅगन-आर नऊ वर्षांची, तीन सिलिंडरची, सीएनजी बसवलेली. आधीच्या मालकाकडून प्लगची कसलीही नोंद आली नव्हती. गेल्या हिवाळ्यात, कारखान्यांचा हंगाम जोरात असताना, अम्मींना डोळ्यांच्या तपासणीसाठी इंदापूरहून बारामतीला न्यायचे होते. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे हळू चालताना आणि मग बाजूने काढताना गाडी झटके देऊ लागली. मागून ट्रक आणि आपल्या गाडीला ऐनवेळी जोर नाही, हा प्रसंग जिवावरचा असतो. एका सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली, तेव्हा चार हजार सहाशे रुपयांचा अंदाज हातात आला. प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई, इंजेक्टरची सफाई, 'ट्यूनिंग', मजुरी आणि मजुरीवर १८ टक्के जीएसटी.

आम्ही तो कागद घेऊन आमच्या गल्लीतल्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी इंजिन ऐकले आणि म्हणाले, "आधी तीन प्लग घाला. त्याने नाही भागले तर पुढचे बघू. सगळे एकदम कशाला?" आणि पुढे म्हणाले, "माझ्याकडे आज एक इंजिन खोलून पडलंय. हा पाना घ्या, इथेच माझ्यासमोर करा. अडलं तर मी आहे." पहिला प्लग आम्ही काढला आणि बसवला, बाकीचे दोन आमच्या मुलीने. तिने घाईने पाना उचलला तेव्हा उस्तादांनी तिथूनच हाक दिली, "बेटा, आधी हाताने. पाना नंतर." तीन प्लग चारशे ऐंशी रुपयांना आले. वेळ एक तास. झटके थांबले.

त्या सर्व्हिस सेंटरने आम्हाला फसवले असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या यादीतली कामे खोटी नव्हती. इतकी चाललेली गाडी समोर आली की ती करून घ्यावीत असा त्यांचा शिरस्ता असेल. जागेचे भाडे आहे, कामगारांचे पगार आहेत. फक्त त्या दिवशी आमच्या गाडीला त्या सगळ्याची गरज नव्हती, आणि हे आम्हाला कळले ते प्लग हातात घेतल्यावर.

सामान काय लागते

• प्लग : पुस्तिकेत दिलेल्या नंबरचेच घ्या. नुसता आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग निवडू नका. एनजीके आणि डेन्सोच्या नंबरात आकडा वाढला की प्लग 'थंड' होतो. बॉशच्या नंबरात उलट, आकडा वाढला की 'गरम'. गरम-थंड म्हणजे टोकाची उष्णता प्लग किती लवकर बाहेर टाकतो ते. चुकीचा प्लग एकतर काजळतो नाहीतर अति तापून इंजिनला इजा करतो. सगळे प्लग एकाच वेळी, एकाच जातीचे बदला. नकली मालाचा सुळसुळाट आहे, तेव्हा ओळखीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून, खोका आणि छापील किंमत पाहून, पावती घेऊनच खरेदी करा.

• प्लगचे सॉकेट : बहुतेक गाड्यांना १६ मिलिमीटरचे लागते, काही नव्या गाड्यांना १४ चे, जुन्या गाड्यांना २१ चे. आत रबर किंवा चुंबक असलेले घ्या, म्हणजे प्लग धरून ठेवतो. सोबत लांब एक्स्टेन्शन आणि रॅचेट.

• कॉइलचा बोल्ट काढायला पाना, बहुधा दहा नंबरचा.

• फट मोजायला फिलर गेज, स्वच्छ सुती फडके, बॅटरी आणि हवा मारायला सायकलचा पंप.

• टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. नसला तरी काम अडत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

पहिली गोष्ट, गाडी डिझेलची असेल तर हा लेख तिच्यासाठी नाही. बोलेरो, पिकअप, ट्रॅक्टर यांच्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतातच. तिथे मिश्रण दाबाच्या उष्णतेने पेटते. थंडीत मदतीला ग्लो प्लग असतात, ते काम वेगळे.

दुसरी, गाडी वॉरंटीत असेल तर काम कंपनीच्या सेंटरमध्येच करून घ्या आणि नोंद ठेवा.

तिसरी, इंजिन पूर्ण थंड हवे. रात्रभर उभी राहिलेली गाडी फजरच्या नमाजनंतर घ्या. हेड अॅल्युमिनियमचे असते. गरम हेडमधून प्लग जोराने काढला तर आटे सोबत येतात, आणि मग शेकड्यांचे काम हजारांवर जाते.

चौथी, किल्ली काढून ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा. ओढणीचे टोक, कुर्त्याच्या बाह्या आवरा. सीएनजीचा वास येत असेल तर बॉनेटखाली कुठेच हात घालू नका, आधी ती गळती जाणकाराला दाखवा. सीएनजीच्या टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीखही याच निमित्ताने पाहून घ्या.

आता प्रत्यक्ष कृती

१. वरचे झाकण आणि गरज असेल तर एअर फिल्टरचा डबा काढा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. बोल्ट एका वाटीत ठेवा.

२. एका वेळी एकच सिलिंडर. सगळ्या वायरी एकदम काढल्या की अदलाबदल होते. ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, तिथे आधी सॉकेटची क्लिप दाबून वायर सोडवा, मग बोल्ट काढून कॉइल हळूहळू फिरवत वर ओढा. जुन्या गाडीत जाड प्लग वायर असते. ती ओढताना वायरला नव्हे, रबराच्या टोपीला धरा.

३. प्लगच्या खड्ड्यात पंपाने हवा मारा. ही पायरी गाळू नका. आपल्याकडे मुरमाची आणि उसाच्या पाचटाची धूळ इंजिनपर्यंत पोचलेली असते. प्लग निघताच ती सरळ सिलिंडरमध्ये पडते.

४. सॉकेट पूर्ण खाली बसवा आणि डावीकडे फिरवून प्लग सैल करा. पहिला कट्ट आवाज आला की पुढे हातानेच निघतो. पाना तिरका होऊ देऊ नका, नाहीतर पांढरी चिनीमाती तडकते.

५. नव्या प्लगची फट गेजने तपासा. पुस्तिकेत आकडा असतो. जुन्या गाड्यांत तो ०.७ ते ०.८ मिलिमीटर, नव्यांत पुष्कळदा १ ते १.१ असतो. इरिडियमच्या बारीक टोकाला मात्र गेज घासू नका, ते मोडते. प्लग खाली पडला तर तो वापरू नका.

६. नवा प्लग सॉकेटमध्ये धरून, रॅचेट न लावता, फक्त एक्स्टेन्शन बोटांनी फिरवत आट्यांत बसवा. हात खोल जात नसेल तर प्लगच्या वरच्या टोकाला पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा लावून फिरवा. आटे तिरके लागले की नळी आपोआप घसरते, जोर लागतच नाही. तीन-चार फेरे अलगद गेले पाहिजेत. अडकला तर उलटा काढा आणि पुन्हा लावा.

७. हाताने टेकला की मग पाना. वॉशर असलेला नवा प्लग टेकल्यानंतर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळतात. तोच प्लग काढून परत बसवला तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा एक बारांश फेरा पुरे. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला फक्त एक सोळांश. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतला आकडा लावा. १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला तो साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर असतो.

८. कॉइल किंवा टोपी दाबून बसवा, बोल्ट लावा, क्लिपचा टिक आवाज ऐका. मग पुढचा सिलिंडर.

९. सगळे झाले की बॅटरी जोडा आणि गाडी पेट्रोलवर चालू करा. दोन मिनिटे तशीच ऐका, मग गल्लीत एक फेरी मारा. थरथर वाढली असेल तर एखादी क्लिप नीट बसलेली नसते.

जुना प्लग फेकू नका, वाचा

काढलेले प्लग क्रमाने, कागदावर १, २, ३ लिहून ठेवा. टोक फिकट तपकिरी किंवा करड्या रंगाचे असेल तर अल्हम्दुलिल्लाह, इंजिन निरोगी आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, एअर फिल्टर चोंदला आहे किंवा गाडी फक्त छोट्या फेऱ्या मारते. टोक ओले आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल आत येते आहे, हे मोठ्या कामाचे लक्षण. टोक पांढरेफटक आणि फोड आल्यासारखे असेल तर इंजिन जास्त तापते आहे किंवा प्लग चुकीचा आहे. तीनपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे.

हे प्लग पिशवीत घालून उस्तादांकडे न्या. "गाडी बरोबर चालत नाही" असे सांगण्यापेक्षा "दोन नंबरचा प्लग तेलकट निघाला" असे सांगितले, की त्यांचाही वेळ वाचतो आणि आपलेही पैसे वाचतात.

कुठे थांबायचे

प्लग सैल होत नसेल तर नळी लावून जोर करू नका. गंज सोडवणारे तेल मारून तासभर थांबा, तरी नाही निघाला तर गॅरेज. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलेले दिसले, चिनीमाती तुटून आत पडली, आटे गेल्यासारखे वाटले, किंवा प्लग इंजिनच्या मागे कशाखाली तरी लपलेले असले, तरी थांबा. हिंमत आणि हट्ट यांत फरक आहे.

ज्यांना चारचाकीची धास्ती वाटते त्यांनी आधी घरच्या स्कूटरवर हात बसवावा. तिथे बहुधा एकच प्लग असतो आणि काम हेच.

उस्तादांच्या पोटावर पाय येतो का?

हा प्रश्न आमच्याही मनात आला. गॅरेजच्या धंद्यात आपल्या समाजातले कितीतरी तरुण आहेत. सगळ्यांनी प्लग घरीच बदलले तर त्यांनी काय करायचे?

आम्ही उस्तादांनाच विचारले. ते म्हणाले, "प्लगवर माझं घर चालत नाही. गिऱ्हाईक संशय धरून उभं राहतं ना, ते जड जातं. बोल्ट फिरवला की विचारतात, खरंच खराब होतं का?" ज्याने एकदा प्लग बदलला आहे, तो माणूस हेड खोलण्याचे काम किती किचकट असेल हे ओळखतो. तो मजुरीसाठी घासाघीस करत नाही. कामगाराची मजुरी वेळेवर आणि पूर्ण देण्याची ताकीद आपल्याला आहे, पण कामाची किंमत कळली तरच ती मनापासून दिली जाते. त्या दिवशी उस्तादांनी पाना दिला, तासभर लक्ष ठेवले, त्याचे पैसे आम्ही त्यांच्या हातावर ठेवले. ते नको म्हणत होते. पण सल्ला आणि नजर हेसुद्धा काम आहे.

गॅरेजमध्ये शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनाही एक सांगावेसे वाटते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ च्या आहेत. त्यांचा दोष शोधायला स्कॅनर लागतो, वायरिंगचा नकाशा वाचता यावा लागतो. नुसत्या हाताच्या सवयीवर पुढे भागणार नाही. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलाला जरूर करू द्या. उस्तादांच्या हाताखालचा अनुभव आणि प्रमाणपत्र दोन्ही असेल तर त्याला कुठेही मान आहे.

हाताला तेल लागले तर कमीपणा नाही

हजरत दाऊद (अलै.) लोखंडाची चिलखते करत आणि हाताच्या कमाईवर जगत. आपले पैगंबर (स.) स्वतःची पादत्राणे सांधत, कपडे शिवत, घरकामात हात लावत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनीच सांगून ठेवले आहे. इस्माईल अल-जझरी या कारागिराने १२०६ साली आपली यंत्रे कशी बनवायची याचे आकृत्यांसह पुस्तक लिहून पूर्ण केले, म्हणजे ती विद्या त्याच्यापाशीच संपू नये. असा वारसा असताना बॉनेट उघडणे हे 'शिकलेल्याचे काम नाही' असे आपल्या मुलांना वाटत असेल, तर ते आपणच दूर करायला हवे. मुलींनाही बरोबर घ्या. गाडी चालवणाऱ्या मुलीला गाडी का झटके देते हे माहीत असेल, तर रस्त्यावर ती घाबरणार नाही आणि कुणी सांगेल तेवढे पैसेही मोजणार नाही.

शेवटी दोन सूचना. गाडीत एक छोटी वही ठेवा. प्लग कधी बदलले, किती किलोमीटरला, कोणत्या नंबरचे, किती रुपयांचे, एवढ्या चार गोष्टी लिहा. उद्या गाडी विकताना ती वही घेणाऱ्याला द्या, ती त्याची अमानत आहे. आणि प्लगपाना, एक्स्टेन्शन, रॅचेट, गेज हे सामान प्रत्येक घरी हवे असे नाही. चार-पाच घरांनी मिळून एक संच घ्यावा, तो एका घरी ठेवावा आणि ज्याला लागेल त्याने पुसून, मोजून परत द्यावा. पहिल्या वेळी शेजारच्या कुणालातरी बोलावून घ्या. एकाने बॅटरी धरायची, एकाने पाना. तासाभराचे काम आहे. पुढच्या वेळी तोच शेजारी तुमच्या मदतीशिवाय करेल, इन्शाअल्लाह.